खाऊ संपला, डबा उरला

(द्वितीय वर्ष, कला)

खाऊ संपल्यावर मागे उरलेल्या वेष्टनाचे काय होते, हा प्रश्न मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने हाताळावा का, अशी शंका काही वाचकांना येईल. वार्षिकांकात पाऊस, प्रेम, बेकारी आणि परीक्षा या विषयांवर लेखन येते आणि ते यावेही. परंतु कोणाचे पुस्तक पुढ्यात न ठेवता मला ज्यावर मत देता येईल असा विषय हाच आहे. माझे वडील हातगाडीवर भंगार गोळा करतात. लोक काय खातात ते दुकानदाराला कळते. खाऊन झाल्यावर काय टाकतात ते आम्हांला कळते. रोज संध्याकाळी हे सारे आमच्या अंगणात ओतले जाते आणि मी व आई ते निवडायला बसतो. माझी अभ्यासाची वेळही तीच. भाषाविज्ञानातील वर्णांचे वर्गीकरण आणि पुठ्ठा, पत्रा, काच, कडक, फुगा हे आमच्या धंद्यातील वर्गीकरण मी एकाच बैठकीत शिकले. त्यांतले दुसरे अधिक पक्के झाले आहे.

यंदा महाविद्यालयात पर्यावरणावर एक व्याख्यान झाले. व्याख्याते विद्वान होते आणि तळमळीने बोलले. त्यांनी सांगितले की परदेशांत आता खाद्यपदार्थांची वेष्टनेच अशी घडवतात की खाऊ संपला की त्याचे खेळणे व्हावे. कचरा होत नाही, मुलाला खेळणे मिळते, आईबापांचा खर्च वाचतो. टाळ्या पुष्कळ पडल्या. ही कल्पना ऐकायला इतकी गोड आहे की तिला विरोध करणारा माणूस एक तर मुलांचा शत्रू असला पाहिजे, नाही तर निसर्गाचा. मी दोहोंचीही शत्रू नाही. तरी माझे मत निराळे आहे, आणि ते वादासाठी निराळे नाही. आमच्या घरात सध्या नेमक्या याच प्रश्नावर पैशांचा निर्णय व्हायचा आहे. तो कोणता, ते पुढे येईल.

आधी हे सांगितले पाहिजे की कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये रेडिंग या गावी हंट्ली अँड पामर्स ही बिस्किटांची मोठी कंपनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्यावर रंगीत छपाई होऊ लागली, आणि या व अशा कंपन्यांनी बिस्किटांचे डबे नाना आकारांत काढले. पुस्तकांच्या चळतीसारखे डबे निघाले, पुढे मोटारगाड्यांच्या आकाराचेही निघाले. बिस्किटे संपली की मुलाच्या हाती पत्र्याची गाडी राही. अमेरिकेत १९०२ साली प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे सर्कशीच्या पिंजऱ्याचे चित्र असलेल्या खोक्यात विकायला आली. खोक्याला वर एक दोरी होती, ती नाताळच्या झाडाला टांगता यावे म्हणून. मुलांनी ती हातात अडकवली. बार्नमची बिस्किटे या नावाने ती आजही मिळतात. २०१८ साली प्राणिमित्रांच्या आग्रहावरून खोक्यावरच्या चित्रातील पिंजरा तेवढा गेला आणि प्राणी मोकळ्या रानात आले. खरे प्राणी कुठे आले ते मला ठाऊक नाही.

यांहून मला आवडते ती साखरेच्या पिशवीची गोष्ट. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी होती. पीठ, साखर, कोंबड्यांचे खाद्य हे सारे तेव्हा कापडी पिशव्यांतून येई. बायका त्या पिशव्या धुऊन त्यांचे कपडे शिवतात हे कंपन्यांनी पाहिले, आणि त्या पिशव्यांवर फुलाफुलांची नक्षी छापू लागल्या. काही पिशव्यांवर बाहुलीचे पुढचे अंग आणि मागचे अंग छापलेले असे. ते कापायचे, शिवायचे, आत चिंध्या कोंबायच्या, झाली बाहुली. यात कंपनीचा स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? पण पिशवी तर लागणारच होती. कापड तेच, वजन तेवढेच. वाढली ती थोडी शाई. शिवाय बाहुली शिवायला आई लागे, बाजारातून ती तयार येत नसे.

पुढे मात्र गाडी हळूहळू उलटी फिरली. क्रॅकर जॅक नावाचा एक खाऊ अमेरिकेत आहे. मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे काकवीच्या पाकात घोळवून तो करतात, म्हणजे आपल्या चिक्कीची दूरची बहीणच. १९१२ पासून त्याच्या खोक्यात लहानसे बक्षीस घालू लागले. १९७४ साली इटलीच्या फेरेरो कंपनीने किंडर सरप्राइज काढले: वर चॉकलेटचे अंडे, आत पिवळी डबी आणि डबीत खेळणे. १९७९ साली मॅकडोनल्ड्सने मुलांचे जेवणच खेळण्यासह खोक्यात घालून विकायला सुरुवात केली. पहिले खोके सर्कशीच्या गाडीसारखे होते. येथे वेष्टनाचे खेळणे होत नाही, खेळण्याचे वेष्टन म्हणून खाऊ येतो. अमेरिकेत १९३८ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे मिठाईच्या पोटात न खाण्याची वस्तू पुरून विकता येत नाही, म्हणून ते अंडे तिथे चालत नाही. चिलीने २०१६ साली अतिगोड पदार्थांबरोबर मुलांना भुलवण्यासाठी खेळणे देणेच बंद केले. आपल्याकडे मिळते ते अंडे दोन बंद फाकांचे, एकीत खाऊ आणि दुसरीत खेळणे. ते तर आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार होते. क्रॅकर जॅकच्या खोक्यातून २०१६ साली बक्षिसाची वस्तू गेली आणि तिच्या जागी फोनने वाचायचा संकेत छापलेला कागद आला. म्हणजे शंभर वर्षांनी खेळणेही गेले. मुलाने लाह्या खायच्या आणि मग आईचा फोन मागायचा!

कोणी म्हणेल, ही सारी कंपन्यांची क्लृप्ती झाली, पण प्रामाणिक प्रयत्नही आहेत. आहेत, आणि त्यांतले दोन व्याख्यात्यांनी दाखवलेही. ईव्ह बेहार या नामवंत रचनाकाराने मुलांच्या एका पेयासाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची बाटली केली. रिकाम्या बाटल्या एका विशिष्ट गाठीने एकमेकींना जोडायच्या, मग त्यांतून प्राणी, मनोरे, काय हवे ते उभे राहते. चित्रात ते फार सुंदर दिसते. पण एका बाटलीचे काहीच होत नाही. दोन्ही बाजूंना हात पसरलेली ती एकटी बाटली दुसरीची वाट पाहत उभी राहते आणि मूलही. प्राणी पुरा व्हायला दहा-बारा बाटल्या लागतात, आणि तितकी तहान लागेपर्यंत कोणते मूल थांबेल? ब्राझीलमधील प्रयत्न मला त्याहून शहाणा वाटला. तिथे बाटलीचे बूचच असे काढले की ते एकमेकांत आणि लेगोच्या ठोकळ्यांतही बसते. बूच लागणारच होते, फेकले जाणारच होते. त्याला थोडी खोबण दिली इतकेच. आमच्या गल्लीत लेगो कोणाकडे नाही, पण बुचांना बुचे तरी बसतील. एक धोका मात्र आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय अडकू शकते हे ठरवायला अमेरिकेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाच्या मुलाला द्यायची नाही. पाण्याच्या बाटलीचे साधे बूच त्या नळीत मावते.

आता एक जुने वेष्टन घेऊ, कारण त्यात या वादाचे मर्म आहे असे मला वाटते. गोटी सोडा सर्वांनी प्यालेला आहे. ती बाटली लंडनच्या हायरम कॉड या गृहस्थाने १८७२ साली काढली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी. आतल्या वायूच्या दाबाने ती वर रबराच्या कड्याला घट्ट बसते आणि तेच तिचे बूच. पिताना गोटी आत ढकलायची, ती गळ्याच्या खोबणीत अडकून राहते. बाटली परत द्यायची, धुवायची, पुन्हा भरायची. एकच बाटली किती तोंडांना लागली असेल याची गणती नाही. वेष्टनाच्या पुनर्वापराचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणि विलायतेतली मुले काय करीत? गोटीसाठी बाटल्या फोडीत! ज्या वेष्टनात खेळणे निघाले ते वेष्टन खेळण्यापायी मेले. कॉडने काही ती गोटी खेळण्यासाठी घातली नव्हती, मुलांनी ती तशी पाहिली. यावरून दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. वस्तूत खेळणे कुठे आहे हे मुलाला कारखानदाराने सांगावे लागत नाही. आणि पुन्हा वापरणे व खेळणे होणे या एकच गोष्टी नव्हेत. पुष्कळदा त्या एकमेकींच्या वैरिणी असतात.

आमच्या अंगणात हे रोज दिसते. साधी पाण्याची बाटली आली तर तिला भाव आहे. पुठ्ठ्याला आहे, पत्र्याला आहे, दुधाच्या पिशवीलासुद्धा आहे. खेळण्याच्या आकाराच्या डब्याला नाही. का? कारण तो एका वस्तूचा नसतो. अंग एका प्लास्टिकचे, चाके दुसऱ्याची, आस लोखंडाचा, डोळे चिकटवलेले, वर चकाकणारा कागद. आबा दगडावर ठेवून तो हातोडीने फोडतात, आस काढतात, अंग 'कडक'मध्ये टाकतात आणि बाकीचे भिरकावतात. पाच मिनिटांची मजुरी आणि हाती येतात काही पैसे. म्हणून हल्ली ते फोडतही नाहीत. चिवड्या-वेफर्सच्या चकचकीत पुड्यांची तीच गत. प्लास्टिक, ॲल्युमिनियम आणि पुन्हा प्लास्टिक असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटत नाहीत म्हणून कोणी घेत नाही. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांत असे होते की पुनश्चक्रण न होणारे हे बहुस्तरी प्लास्टिक दोन वर्षांत हळूहळू बंद करायचे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि शब्द आले की ज्याचे पुनश्चक्रण होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही असेच प्लास्टिक बंद करायचे. 'दुसरा उपयोग' या दोन शब्दांत किती मोठे दार उघडे राहिले ते पाहा. उद्या कोणी पुडीवर वाघाचे तोंड छापून खाली लिहील, 'कापून मुखवटा करा', की झाला दुसरा उपयोग! असे कोणी केले आहे असे मी म्हणत नाही. मी फक्त दार दाखवते आहे.

एक गोष्ट शहरातल्या व्याख्यात्यांच्या ध्यानात येणार नाही, पण आबा ती नेहमी बोलतात. आमच्याकडे आसपासच्या वाड्यांतून फवारणीच्या औषधांच्या बाटल्या येतात. त्याही रंगीत, चांगल्या जाड, घट्ट झाकणाच्या. त्यांच्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे त्रिकोण गावात किती जणांना वाचता येतात? आबांना अक्षर येत नाही, त्रिकोण येतो. लाल दिसला की ते बाटली हातगाडीच्या खालच्या पोत्यात वेगळी टाकतात आणि धाकट्याला त्या बाजूला फिरकू देत नाहीत. ज्या मुलाला जन्मापासून शिकवले की रिकामी बाटली हे खेळणेच, त्याने कोणत्या बाटलीपाशी थांबायचे? डबा डब्यासारखा दिसावा आणि खेळणे खेळण्यासारखे, यात निदान शेतीच्या मुलखात जिवाचा प्रश्न आहे.

याचा अर्थ मुलांनी टाकलेल्या वस्तूंशी खेळू नये असा कोणी काढला तर तो माझ्यावर अन्याय होईल. आम्ही भावंडे दुसऱ्या कशाशी खेळलो? सोड्याचे बिल्ले रुळावर ठेवून चपटे केले, दोन भोके पाडून दोरा ओवला आणि भिंगरी केली. काडेपेट्यांची आगगाडी केली. गोळीच्या चकचकीत कागदाला मध्ये पीळ दिला की घागऱ्याची बाई होते, अशा बायकांचे एक अख्खे लग्नघर आमच्या कोनाड्यात होते. ज्यांना हे बालपण रम्य वाटेल त्यांना मी सांगू इच्छिते की आम्हांला विकतची बाहुली हवी होती, ती मिळाली नाही म्हणून हे केले. तरीपण केले ते आम्ही केले. त्यात कोणाचे बोधचिन्ह नव्हते.

या बाबतीत आपल्या देशात दोन माणसांनी मोठे काम केले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रेतली, रस्त्यावरची, मुलांनी स्वतः केलेली खेळणी गोळा करून त्यांच्यामागचे शास्त्र मांडले. त्यांचे पुस्तक १९८३ साली निघाले. दुसरे अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, आणि तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या घेऊन त्यांनी जोडण्या तयार केल्या. त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये मुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही फुकट वाचायला मिळतात. त्यांच्या साऱ्या कामात कंपनीने घडवलेले 'पुनर्वापरयोग्य वेष्टन' कुठेही लागत नाही. काडी, नळी, झाकण, वर्तमानपत्र. जितकी वस्तू साधी तितकी खेळणी जास्त.

आणि याच नावाने आपल्याकडे जी स्पर्धा होते तिच्याविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी 'टाकाऊतून टिकाऊ'साठी माझ्या ओळखीच्या काही मुलींनी शीतपेयाच्या नव्या बाटल्या विकत आणल्या, पेय मोरीत ओतले आणि बाटल्यांच्या फुलदाण्या केल्या. फुलदाण्या महिन्याभराने आमच्या अंगणात आल्या. रंग लावल्यामुळे त्यांचा भाव गेला होता. असो.

आता घरच्या प्रश्नाकडे येते. आई ज्या बचत गटात आहे त्यातल्या अकरा बायका शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू करतात. आजवर हा माल साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून, मेणबत्तीच्या ज्योतीवर तोंड चिकटवून विकला जाई. दिवाळीनंतर एक घाऊक व्यापारी आला. त्याच्यापाशी मोटारीच्या आकाराचा प्लास्टिकचा डबा होता. टपाला झाकण, खाली चार चाके. त्याचे म्हणणे असे की चिक्की यात भरा, मी यात्रा-जत्रांत आणि दुकानांत लावतो, हजार नग तर हसत जातील. हिशेब त्याने कागदावर मांडला आणि तो कागद आईने माझ्यापुढे ठेवला, कारण गटातल्या कोणाच्याही घरी कॉलेजात जाणारे दुसरे माणूस नाही. साठ ग्रॅम चिक्की, किंमत चाळीस रुपये. त्यांत डबा चौदा रुपयांचा. चिक्की, गटाच्या मजुरीसकट, बारा रुपयांची. उरलेले चौदा व्यापारी आणि दुकानदार यांच्यात.

मी आईला म्हटले, "म्हणजे मूल बारा रुपयांची चिक्की खाते आणि चौदा रुपयांचा डबा फेकते."

आई म्हणाली, "पोरगं चिक्कीसाठी थांबत न्हाई, गाडीसाठी थांबतं. थांबलं तर चिक्की खाईल. न्हाईतर ते पुढच्या दुकानातली ती हवेची पुडी घेईल. तुला कुठलं चांगलं वाटतं?"

हा मुद्दा खोडणे सोपे नाही हे मी कबूल करते. शेंगदाणे आणि गूळ मुलाच्या पोटात जाणार असतील तर चार चाकांचे आमिष वाईट का? अकरा घरांत चार पैसे येणार असतील तर मी कोण नाही म्हणणारी? माझी परीक्षेची फीदेखील त्याच गटाच्या कर्जातून भरली गेली आहे. म्हणून मी तो कागद चार दिवस जवळ ठेवला, आणि मला जे दिसले ते असे. डबा व्यापाऱ्याचा, साचा त्याचा, गिऱ्हाईक थांबणार ते डब्यापाशी. मग चिक्की कोणाची आहे याला किंमत काय उरली? यंदा आमची, पुढच्या वर्षी जो गट अकरा रुपयांत देईल त्याची. आज लोक बाजारात "त्या बायकांची चिक्की" म्हणून विचारत येतात. मोटारीत भरल्यावर "ती मोटार द्या" म्हणून येतील. मोटार शिळी झाली की व्यापारी विमान आणील, आणि विमान पुरे होईपर्यंत कोणाला चिक्कीची चव आठवणार नाही.

दुसरे असे की त्या डब्यावर आयएसआयची खूण नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, आणि जी वस्तू केवळ खेळण्यासाठीच नसली तरी खेळण्यासाठी म्हणून घडवलेली आहे तीही खेळण्यातच धरली जाते. हे मी व्यापाऱ्याला विचारले. तो हसून म्हणाला, "ताई, हे खेळणं नाहीच, हा डबा आहे." दुकानदाराला माल दाखवताना हाच गृहस्थ म्हणत होता की डबा समजू नका, खेळणं आहे. पत्र्याच्या धारेने किंवा रंगाने एखाद्या मुलाला अपाय झाला तर पिशवीवर नाव मात्र गटाचे असणार.

नमुना म्हणून दिलेली मोटार आमच्या धाकट्याला मिळाली. तीन दिवस त्याने ती ओटीवरून अंगणात आणि अंगणातून ओटीवर चालवली. चौथ्या दिवशी मागचे चाक निघाले. पाचव्या दिवशी त्याने ती उलटी केली, आत पाणी भरले आणि मुंगळ्यांसाठी तळे केले. पुढे ती धान्य मोजायचे माप झाली, मग भुताचे डोके. मोटार मोडली तेव्हा कुठे तिच्याशी खेळणे सुरू झाले. चाके नसलेला साधा डबा असता तर हे पहिल्याच दिवशी झाले असते आणि चौदा रुपये लागले नसते.

म्हणून मी गटाच्या बैठकीत दुसरा नमुना ठेवला. पुठ्ठ्याचे खोके, काडेपेटीच्या घडणीचे: बाहेर बाही आणि आत सरकणारा खण. त्यावर खेळण्याचे चित्र नाही, 'यापासून हे करा' अशी सूचना नाही, चिकटवलेला चकचकीत कागद नाही. एका बाजूला गटाचे नाव, वजन आणि किंमत. छापखान्यातल्या ओळखीच्या माणसाने दोनशेचा दर साडेचार रुपये सांगितला. चिक्कीला हवा लागली की ती मऊ पडते, त्यामुळे आत पातळ पिशवी लागणारच; ते मी लपवले नाही. एका बाईने विचारले, "यात पोराला काय मिळणार?" मी खण बाहेर काढला, त्याला दोरा बांधला आणि जमिनीवरून ओढला. बाही उभी केली, तिचे घर झाले. दोघी हसल्या. एकीने खणात दोन शेंगदाणे निजवले आणि त्यांच्यावर पदराचे टोक पांघरले. आबा दारात उभे होते, ते म्हणाले, "हे आलं की मी घेईन. पुठ्ठ्याला भाव आहे."

बैठकीत मते पडली नाहीत, तशी पद्धत नाही. दोन तास बोलणे झाले. चिक्कीची किंमत आणि खोके धरून चोवीस-पंचवीस रुपयांना पुडा देता येईल, म्हणजे व्यापाऱ्याशिवाय विकला तर गटाच्या हाती मोटारीपेक्षा जास्त उरते, हे साऱ्यांना पटले. व्यापाऱ्याशिवाय विकणार कोण आणि कुठे, हे कोणालाच सांगता आले नाही. शेवटी असे ठरले की चैत्रातल्या यात्रेत गटाने स्वतः एक पाल टाकायची, दोनशे खोकी करायची, आणि व्यापाऱ्यालाही शंभर मोटारी भरून द्यायच्या. आईचा कल अजून मोटारीकडे आहे. पालीवर बसायला मी जाणार आहे, परीक्षा त्याच आठवड्यात असली तरी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यात्रा होऊन गेलेली असेल. कोणाची किती विक्री झाली आणि खोक्याचे मुलांनी काय केले, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी मला ग्रंथालयात विचारावे; दुपारी दोननंतर मी तिथेच असते.